आजी कशानं गेली

पोशीरच्या ग्रामपंचायतीत आसावरी आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती. पुढे एक बाई होती आणि तिची सहा-सात वर्षांची मुलगी.

“हर्षू, उड्या नको मारू गं! किती येळा सांगू?”

“एकच मारते.”

“जीव घेशील माझा एक दिवस!”

मुलगी जागच्या जागी थिजली.

“बघा ताई, कशी गप झाली,” बाई आसावरीकडे वळून हसली. “बाकी कायपन सांगा, ऐकायची नाय. येवढं म्हनलं, की लगेच.”

“पुढे या. कोणाचा दाखला?” ग्रामसेवकांनी विचारलं.

“सासूबाईंचा. मागल्या सोमवारी गेल्या.”

“अरेरे. कशानं?”

बाई पिशवीत कागद शोधू लागली.

“माझ्यामुळं,” हर्षू म्हणाली.

“काय बोलतेस गं?”

“मी तिचा चष्मा लपवलेला. ती शोधत व्हती, तवाच पडली.”

“अगं, आजीला अटॅक आला! तू जीव घेतलास असं कोन म्हनलं तुला?”

“तूच म्हनतेस ना रोज, जीव घेशील. आई, मी मामाकडं जाऊन ऱ्हाऊ? मंग तू तरी नाय मरनार.”