चार बोटांची नळी

...आणि वर मलाच म्हणून राहिले, अप्पा, तुम्ही गल्लीला फसवलं. मी? तुम्हाला सांगतो, मी खोटं काही बोललो न्हाई. एक शब्द न्हाई. माझ्याकडं वही हाय, रोजची, तारीख-वार, एकवीस वर्षांची. कोण काय म्हणलं, मी काय म्हणलो, सगळं लिहिलेलं हाय, बघा हवं तर.

आता मुळात मला पाहिजे होतं काय? रबरी नळी. चार बोटं लांबीच्या चार नळ्या, गाडीला. गाडी म्हणजे डिझेलची अँबेसेडर, लातूर जिल्हा झाला त्या ब्याऐंशी साली सरकारी कामाला आलेली आणि पुढं लिलावात मी घेतलेली, म्हणून गल्लीत तिला ‘जिल्हा’च म्हणतात. जिल्हा आज चालू होतो का, जिल्हा कुणी ढकलायचा, असं. उदगीरवाले वेगळा जिल्हा मागून राहिले तेव्हा शेजारचा सिद्रामप्पा म्हणला होता, ‘विरूपाक्षा, तुझाच देऊन टाक, ढकलत नेतील.’ हे तो बोलत होता तेव्हाचं. पुढं नऊ वर्षं बोलला न्हाई, कारण जिल्ह्याचा धूर त्याच्या घरच्या वाळत घातलेल्या पापडांवर गेला, आणि मी म्हणलो की तसेही ते पापड... जाऊ द्या.

तर इंजिनाला असतात चार इंजेक्टर. इंजेक्टर म्हणजे डिझेलची पिचकारी, दुसरं काय? पिचकारीत जे वापरून उरतं ते डोक्यावरच्या बारक्या रबरी नळीतून दुसऱ्या पिचकारीकडं जातं, तिथून तिसरीकडं, आणि शेवटची परतीची नळी सगळं टाकीच्या वाटेला लावते. रबर गेलं तडकून. बोनेट उघडलं तर इंजिन नखशिखांत न्हालेलं. सोळा साल, एप्रिल महिना, लातूरला पाणी रेल्वेनं येऊन राहिलेलं, अख्ख्या शहरात न्हालेलं तेवढं एकच!

आणि मला जायचं होतं नांदेडजवळ विष्णुपुरीला. तिकडं आमची लेक कॉलेजात नोकरीला, नदीकाठ, नळाला पाणी, आणि जानेवारीपासून आमची रुद्राणीही तिकडंच. इकडचा नळ नुसता फुसफुसून राहिला, तेव्हा एक दिवस तिनं हांडा पालथा घातला आणि म्हणली, “पाणी आलं की सांगा, मी येते.” बस. भांडण न्हाई, काही न्हाई. भांडली असती तर वहीत लिहायला तरी झालं असतं! मी असतो डाळमिलीत, वजनकाट्यावर. तूरच आली न्हाई तर काटा काय दाखवणार, शून्य. घरी यावं, तिथंही शून्य. त्या दिवसांची वही बघा. ‘आज कुणी आलं न्हाई.’ त्याच्याखाली, ‘आज कुणी आलं न्हाई.’ पुढं पुढं मी नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहू लागलो. म्हणून ठरवलं, गाडी नीट करायची, विष्णुपुरीला जायचं, आणि पाणी असो-नसो, हिला म्हणायचं, चल.

दुकानात गेलो, म्हणलं, नळी द्या. त्यानं विचारलं, बोअर किती खोल? म्हणलं, बोअर न्हाई, चार बोटं लांब द्या. तो गिऱ्हाइकं सोडून माझ्याकडंच बघत राहिला. त्याचंही बरोबर हाय, त्या महिन्यात नळी म्हणलं की पाणीच. पण पाण्याची नळी डिझेलला चालत न्हाई हो, फुगते, मऊ पडते, आत धागा विणलेली लागते. ती शेवटी नांदेडहून एसटीच्या पार्सलात आली, आणि मी पुडकं घेऊन घरात शिरताना समोरच्या केवळाबाईंनी बघितलं. केवळाबाईंनी बघितलं म्हणजे कंधारपर्यंत कळलं.

“काय आणलं, अप्पा?”

“नळ्या.”

“कशाला वो?”

“जुन्या गळून राहिल्या.”

कमरेवरचा हात खाली आला बाईंचा. “गळून? म्हंजी येतंय?”

“येतंय म्हणून तर गळतंय.”

मी डिझेलचं बोलून राहिलो! गाडी मागल्या पत्र्याखाली, ती दिसत न्हाई, त्याला मी काय करू? बाईंनी हळूच विचारलं, कसं येतं. आता कुणी विचारलं तर नीट सांगावं ही माझी सवय. म्हणलं, आधी बारका पंप हातानं मारायचा, नुसती हवा निघते, हवा संपली की मग येतं. हवा तर सगळ्या गल्लीच्या नळाला होती हो. पण ‘मग येतं’? आणि मी पुढं काय बोललो असेन? म्हणलं, “उरलेलं परत टाकीत जातं.”

उरलेलं! सोळा सालच्या लातुरात!

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी आणि कारळाची चटणी घेऊन केवळाबाई हजर. दुपारी पलीकडच्या बोळातली दोन घरं. तब्येतीची चौकशी, लेकीची चौकशी, जिल्ह्याचीसुद्धा चौकशी. आणि तिसऱ्या दिवशी, तुम्हाला सांगतो, सिद्रामप्पा आला. घरची खुर्ची स्वतः उचलून आला, ओट्यावर मांडली, बसला, आणि नऊ वर्षांनी म्हणला, “काम कुठवर आलं, विरूपाक्षा?”

म्हणलं, “एक झाली, तीन राहिल्या.”

“सावकाश कर. घाई कशाला?”

आता तुम्ही विचाराल, अप्पा, तुम्हाला कळलं न्हाई का? कळलं हो. पहिल्याच दिवशी कळलं. चटणी घेऊन आलेल्या बाईच्या दुसऱ्या हातात रिकामी कळशी कशाला असते? मग सांगितलं का न्हाई? ...आता काय सांगू तुम्हाला... एका नळीला पाच मिनिटं लागतात. जुनी कापायची, नवीला डिझेलचं बोट लावून सरकवायची, क्लिप आवळायची. मला चार नळ्यांना नऊ दिवस लागले.

रोज थोडा वेळ मागं जायचं, पंप मारायचा, खटक-खटक, की ओट्यावर सगळ्यांचे कान इकडं. बाहेर आलो की सिद्रामप्पा मला जागा करून देई. कुणी पाणी मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई. मी खोटं काही बोललो न्हाई. वहीत ते नऊ दिवस पानं पुरली न्हाईत मला.

दहाव्या दिवशी ऑटो थांबला. रुद्राणी! दोन पिशव्या, लोणच्याची बरणी, कायमचं सामान. केवळाबाईंनी फोन केला होता तिला.

“पाणी आलं म्हणे,” ती म्हणली, आणि माझ्याकडं बघून हसली. चार महिन्यांनी. मी पुढं होऊन पिशव्या घेतल्या. ती आत गेली, पालथा हांडा उताणा केला, नळाखाली ठेवला, चावी फिरवली.

फुस्स.

ओट्यावर सगळ्यांनी ऐकलं ते. केवळाबाई म्हणल्या, मग मागं काय येतंय? मी मागलं दार उघडलं, बोनेट वर केलं आणि चार नळ्या दाखवल्या. लई सुबक बसल्या होत्या, पण कुणी त्या बघितल्या न्हाईत. केवळाबाईंनी कळशी उचलली. सिद्रामप्पानं खुर्ची उचलली, दोन पावलं गेला, थांबला.

“पापडाचं मी विसरून गेलो होतो, अप्पा.”

अप्पा म्हणला हो. विरूपाक्षा न्हाई म्हणला.

मी रुद्राणीला म्हणलं, “मी खोटं काही बोललो न्हाई.”

“खरं तरी कुठं बोललात?” ती म्हणली, आणि हांडा पुन्हा पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मीच तिला सोडायला गेलो. घेऊन यायला नीट केलेली गाडी, सोडायला गेली. पण काय चालली! एका चावीत चालू, अहमदपूर, लोहा, थेट विष्णुपुरी. वाटभर इंजिन तेवढं बोलून राहिलं. तिकडं लेक म्हणली, बाबा, राहा की दोन दिवस. हिच्याकडं बघितलं. ही काही म्हणली न्हाई, पण निघताना डिकी जड लागली म्हणून उघडली तर आत पाण्याचे चार कॅन, काठोकाठ भरून.

ते कॅन आता ओट्यावर मांडलेत. दार सताड उघडं. आता माझ्या घरी पाणी हाय, खरंखुरं, नदीचं. आज संध्याकाळी उभा राहून रस्त्यापलीकडं सांगितलंसुद्धा, केवळाबाई, पाणी हाय, या की.

त्यांनी खिडकीतून बघितलं, कॅनकडं न्हाई, माझ्याकडं. म्हणल्या, “हाव अप्पा. उरलं की टाकीत सोडा.”

वही उघडली. ‘लातूर ते विष्णुपुरी आणि परत. एक थेंब गळला न्हाई.’ खाली आजची तारीख घातली, बराच वेळ विचार केला, आणि लिहिलं... वरीलप्रमाणे.