गुरव सरांच्या वर्गातली शेवटची पेन्सिल

मंडळी, आलासा, बरं वाटलं. वैनी, तुम्ही म्होरं बसा, भिंतीकडंला नको. मला भाषण येत न्हाय. सातवी शिकलोय, सगळा जलम साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेला. तिथं वरडूनच बोलायचं. त्यो माईक बाजूला घ्या.

गुरव सर गेलं, त्याला आज नऊ दिवस. बावड्यात त्यांच्या खोलीत दहावीची बावीस पोरं गणित शिकत हुती. परीक्षा तोंडावर हाय. आन सर न्हाईत. काय बोलायचं?

पण मागं काय चाललंय? मगाधरनं ऐकतोय मी. "राजारामपुरीतल्या त्या मोठ्या क्लासला जागा हाय का?" "हाय, पण उद्याच जावा." ओ पावणं, निळा शर्ट, तुमालाच म्हणतोय. फोन खिशात घाला. फोटूचा हार अजून वाळला न्हाय.

रागावू नका. पोरांचं वरीस जायची भीती मला बी हाय. माझी नात ऋतुजा ह्याच वर्गातली. ती बघा, फोटूजवळ बसलीया. नऊ दिवस तिनं गणिताची वही उघडली न्हाय. उद्या मला बी दुसरा सर शोधायचा हाय. म्हणून तर उभा राहिलोय. मी ह्यात एकदा आपटलोय.

नववीत तिला गुरव सरांकडं घातली. आठ दिवसांनी बघाय आलतो. दारातनं बघतोय तर काय? सरांनी फळ्यावर एक गणित लिवल्यालं, आन स्वतः खुर्चीत गप्प. पोरं बी गप्प. उत्तर आलं की पेन्सिल खाली ठेवायची, तोंड उघडायचं न्हाय, आसा त्यांचा नेम. एकेक पेन्सिल खाली गेली. राहिली एकच. आमची. बाकीची पोरं हिच्यापायी बसून. माझं डोस्कं फिरलं. दारातनंच वरडलो, "ओ सर, फी काय गप्प बसायची घेतासा व्हय? सांगून टाका की उत्तर!"

सर हळूच म्हणालं, "दादा, ती अजून करतीय. जरा थांबा."

थांबा? मला? पोरीचा हात धरला आन उठवून नेली. पेन्सिल तिच्या मुठीतच.

घातली मोठ्या क्लासला. एसी, पडद्यावर गणितं. तिथला सर काय बोलायचा! माझ्यागत वरडायचा. मला लई आवडला. चार महिन्यांत वह्या भरल्या. आन चाचणीला पोरगी कोरा पेपर देऊन आली. म्हटलं, "अगं, वहीत तर सगळं हाय की!"

ती म्हणाली, "आज्जा, ते त्या सरांचं हाय. मी सुरू करायच्या आत तिथं उत्तर लिवून झाल्यालं असतंय."

परत गुरव सरांच्या दारात आलो. मान खाली घालून. वाटलं, आता सर ऐकवणार. त्यांनी फळ्यावर तेच जुनं गणित लिवलं. म्हणालं, "ऋतुजा, हे तुझं राहिलंय बघ."

लई वेळ लागला. सगळा वर्ग बसला. मी बी बसलो, दारात, चपलांजवळ. बॉयलरपुढं आला नसंल एवढा घाम आला. किती येळा तोंडात आलं, 'चल की गं!' गिळलं. शेवटी टक्कन आवाज झाला. पेन्सिलीचा. उत्तर बरोबर का चूक, मला काय कळतंय? सर हसलं, तेवढं दिसलं.

त्यांची माफी मागायची तेवढी राहिली. उद्या मागू, परवा मागू. आज मागतो, सर. चुकलो.

तर मंडळी, उद्या क्लास शोधायला जावा. मी बी जाणार. पण बोर्ड बघू नका, बोर्डावरली टक्केवारी बघू नका. दारात उभं राहा. पोरगं अडलं की सर थांबतोय का, का उत्तर सांगून मोकळा होतोय, तेवढं बघा. आन पोराला इचारा. मी इचारलं नव्हतं. आवंदा ऋतुजा म्हणंल तिथंच जायचं. तिला वेळ लागला तर लागू दे.

आता उभं राहा. दोन मिनटं शांत राहायची रीत हाय. मी घड्याळ बघणार न्हाय. ऋतुजाच्या हातात पेन्सिल दिलीया. सरांशी तिचं बोलून झालं की ती खाली ठेवंल. तवर कुणी हलायचं न्हाय. मी बी न्हाय.

सावकाश, बाळा. आम्ही थांबलोय.