पाठीवर काय छापायचं

(कोल्हापूर, राजारामपुरीतलं टी-शर्ट छापायचं दुकान. दुकानदार दादासो; गिऱ्हाईक संयोगिता आणि तिची आई.)

दादासो : हे घ्या की ताई, लई खपतंय. इंग्लिशमधी हाय. मतलब, व्हायचं ते हुतंयच.

संयोगिता : असं न्हाय. लिहा, व्हायचं ते मी पळाल्याबिगर हुत न्हाय.

दादासो : आँ? तयार डिझाइन हाय ओ हे.

संयोगिता : मग बदला. पोलीस भरतीच्या सरावाला घालणाराय मी. सगळ्या ग्राउंडनं वाचलं पायजे.

आई : पाठीवर कायबी लिव्ह संयू, नशिबातच नसलं तर काय उपेग? दोनदा झालं. यंदा शेवटची भरती, मग वय बसत न्हाय. त्यापरास हुपरीचं स्थळ बघ. घरात चांदीचं काम, पैंजणांच्या ढिगात लोळशील.

संयोगिता : स्थळ कुठं पळून जात न्हाय, आई. मला पळू दे.

दादासो : बरं, हे बघा. ग्रह-तारे जुळले की सगळं जमतंय.

संयोगिता : तारे नंतर जुळवू. आधी बुटाची नाडी.

दादासो : हे भारी हाय की! आन् हे? जे घडतंय त्याला कायतरी कारण असतंयच.

संयोगिता : हे ऱ्हाऊ दे.

आई : का? हेच बरं हाय की.

संयोगिता : कारण म्हायती हाय मला.

आई : कसलं? गेल्या साली चार सेकंदानं हुकलीस. देवाच्या मनात नव्हतं.

संयोगिता : देवाला मधी घेऊ नको. सांगणार नव्हते, पण ऐक. निघताना तू जोतिबाचा गुलाल लावलास, कपाळभर. शेवटच्या राउंडला घाम फुटला, गुलाल डोळ्यांत उतरला. दिसंचना. डोळं चोळत पळाले मी.

आई : मी लावलेला?

संयोगिता : व्हय.

आई : आन् वरीसभर तुझ्या नशिबाला बोल लावत बसलो मी! बोलली का न्हाईस?

संयोगिता : तू रडली असतीस. मायेनं लावला हुतास.

दादासो : वहिनी, बसा. पाणी देऊ?

आई : नको. ती पयलं म्हणाली तेच छापा, पळाल्याबिगर हुत न्हाय ते. अक्षर मोठं घाला.

दादासो : इंग्लिशमधी?

आई : मराठीत. मला वाचता आलं पायजे.

संयोगिता : आणि हुपरीकर?

आई : थांबतील. न्हाय थांबलं तर जाऊ देत.

संयोगिता : गुलाल?

आई : पुडी माझ्या कनवटीला. ग्राउंडच्या दोरीपलीकडं उभा ऱ्हातो. तू पळून ये, मग लावतो. तवा खुशाल डोळं मिटून घे.