शिव्या बंद झाल्या तेव्हा

यशदीप : मंग डॉक्टर काय बोलला, ते सांग ना मले.

शेवंता : कोणता डॉक्टर? मी कुठीच गेली नाही रे.

यशदीप : झूठ नको बोलू, आई. हप्ता होत आला, तू मले एक शिवी नाही देली. परवा गाडी ठोकून आलो, हेडलाइट फुटला, तरी तू म्हणते, 'जेवून घे बेटा.' बेटा! रातभर झोप नाही मले. वाटलं, रिपोर्टमध्ये काही मोठं निघालं, म्हणून गोड बोलून राहिली.

शेवंता : काहीच्या काही! मी धडधाकट आहो.

यशदीप : मंग ठेव माह्या डोक्यावर हात.

शेवंता : नाही! तुही शपथ नको घालू मले.

यशदीप : पाह्य, घाबरली. काहून?

शेवंता : हसशीन तू. पाऱ्यातल्या, आपल्या गल्लीतल्या ममतानं पुस्तक देलं होतं ना वाचायले, कादंबरी. त्याच्यात एक बाई आहे. तिचा पोट्टा डबा विसरून कामावर निघते. ती दारातून ओरडते, 'जा, परत तोंड दाखवू नको.' आपण बोलतो ना घरात, तसंच रे. अन् तो येतच नाही. मंग पूर्ण पुस्तकभर ती बाई तेवढंच घेऊन बसली आहे. पोट्टा कसा हसे, तेबी आठवत नाही तिले.

यशदीप : अरे यार! कहानी आहे ती.

शेवंता : समजते मले. पण पुस्तक मिटलं अन् आठवून पाह्यलं, सकाळी मी तुले काय बोलली. 'मुडद्या, टळ एकदाचा.' हेच बोलली होती. तू तिकडं भनपुरीले ट्रकांमधून गाडी काढते, अन् मी तुले फोनावर फोन करून राहिली. तू उचलला नाही. दारातच उभी राहिली मी, यश.

यशदीप : गोदामात होतो. आवाज नाही येत तिथं.

शेवंता : तवाच ठरवलं. घरून निघताना तुह्या कानात माह्यं वाकडं बोलणं नाही जायले पाहिजे.

यशदीप : म्हणून हेल्मेटचंबी बोलणं बंद?

शेवंता : ते शिवीबिगर बोलताच येत नाही मले.

यशदीप : आई... परवा मी हेल्मेट घातलंच नव्हतं. तू ओरडली नाही, म्हणून ध्यानातच नाही आलं. ट्रकवाल्यानं कट मारला, गाडी खांबावर गेली. खांब डोक्याले लागता लागता राहिला.

शेवंता : मुडद्या! खोपडी फुटली असती मंग? अक्कल विकून खाल्ली का रे तू?... बापा! निघालंच पाह्य तोंडातून. अन् तू आता कामावर निघून राहिला.

यशदीप : निघू दे तोंडातून. बरं वाटलं मले. रडू नको ना.

शेवंता : भेव वाटते रे. बोललं तरी वाटते, नाही बोललं तरी वाटते.

यशदीप : तू 'मुडद्या' म्हणते ना, तवा माह्या कानात तो शब्द जातच नाही. वाटते, चला, घरी सगळं ठीक आहे.

शेवंता : खरं?

यशदीप : हव.

शेवंता : अन् त्या बाईच्या पोट्ट्यालेबी तसंच वाटलं असन?

यशदीप : त्यालेबी.

शेवंता : पूर्ण पुस्तकात तिले हे कोणी सांगितलंच नाही रे.