पाणीटाकीच्या अलीकडे

दि. २१ नोव्हेंबर २००८
कसारा पोलीस ठाणे

मी, संघरत्ना महादू रोकडे, वय ३४ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, राहणार बौद्धवाडी, कसारा, ता. शहापूर, जि. ठाणे. शहरच्या पोलीस ठाण्यातून चौकशीसाठी आलेल्या हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, आई भीमाबाई व धाकटा भाऊ अनिकेत असे राहतो. माझे वडील महादू सखाराम रोकडे, वय ६२, हेही आमच्यात राहत होते. मी लहान असताना घाटातील रस्त्याच्या कामावर सुरुंगाच्या कपच्या लागून त्यांचे दोन्ही डोळे गेले. पुढे ते शहरातील अंधांच्या कार्यशाळेत वेताच्या खुर्च्या विणायला शिकले व तेथेच कामाला लागले. सकाळी अनिकेत त्यांना कसाऱ्याहून गाडीत बसवून देत असे. शहरात उतरल्यावर स्टेशनाबाहेरून बस पकडून ते काठीच्या आधाराने एकटे पाणीटाकी या थांब्यापर्यंत जात.

त्या बसवर सावळाराम देसले हे कंडक्टर आहेत. ते मूळचे मुरबाड तालुक्यातील, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावचे. तिकीट फाडायला ते वडिलांजवळ येत. वडील रोज पाणीटाकी सांगत व ते रोज नव्याने विचारत. पाऊसपाणी, भातलावणी यावर दोघांचे बोलणे होई. थांबा आला की सावळाराम त्यांचा दंड धरून खाली उतरवून देत व मगच घंटी मारत. आम्ही त्यांना कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्या मुलीचे लग्न कुठे जमले हेसुद्धा आमच्या घरात माहीत होते.

गेल्या वर्षी बसच्या दाराशी यंत्र बसविण्यात आले. त्याला कार्ड नुसते टेकवले की टिक् असा आवाज होतो व भाडे कापले जाते. कार्यशाळेत ते कार्ड सर्वांत आधी माझ्या वडिलांनी काढले. ते त्यांनी दोरीने गळ्यात बांधले होते. घरी आल्यावर आम्हा सर्वांना हात लावून बघायला दिले. आईला म्हणाले, "आता कोनाला काय सांगाया नको गो. टेकवलं का झालं." ते त्या दिवशी फार खुशीत होते.

त्यानंतर कंडक्टर फक्त रोख पैसे देणाऱ्यांकडे जाऊ लागले. सुरुवातीला सावळाराम वडिलांकडे मुद्दाम येऊन बोलत. पुढे बसला गर्दी वाढली. वडील घरी त्यांचे नाव घेईनासे झाले. मी एकदा विचारले तेव्हा "त्याला टाइम नसतो" एवढेच म्हणाले. मीही पुढे विचारले नाही.

दि. १८ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास पाणीटाकीच्या अलीकडे, नाक्यावर वाहने तुंबल्यामुळे बस रस्त्याच्या मध्येच उभी राहिली. सावळाराम मागच्या बाजूला होते. वडिलांनी दाराशी येऊन टाकी आली का, असे विचारले व कोणीतरी हो म्हणाले. ते कोण हे समजले नाही. वडील उतरले. शेजारून जाणाऱ्या टेम्पोची त्यांना धडक बसली. टेम्पोवाल्यानेच त्यांना रुग्णालयात नेले. ही हकिगत मला सावळाराम यांनी सांगितली.

निरोप मिळताच मी, आई व अनिकेत रुग्णालयात गेलो. सावळाराम बाहेर बाकावर बसलेले होते. त्यांनी आपले नाव सांगताच अनिकेतने त्यांची कॉलर धरली. मी सोडवले. सावळाराम आईला म्हणाले, "काकू, तिकीट फाडाया जवळ जायचो, तवा उतरवायचं ध्यानात राहायचं. आता त्यांच्याकडं माझं कामच उरलं नाय." आईने त्यांना पाणी दिले.

संध्याकाळी वडील थोडा वेळ शुद्धीवर आले. आपण बसमध्येच आहोत असे त्यांना वाटत होते. त्यांनी विचारले, "सावळा हाय का गाडीत?" आई म्हणाली, "हाय." मी सावळाराम यांना बोलवायला बाहेर गेले. आम्ही दोघे आत येईपर्यंत वडिलांची शुद्ध गेली होती. सावळाराम त्यांचा दंड धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे वडील वारले.

कंडक्टरविरुद्ध तक्रार द्यावी असे अनिकेतचे म्हणणे आहे. त्याचा जबाब वेगळा घ्यावा. माझी व आईची सावळाराम यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. कार्डाविषयीही तक्रार नाही, ते वडिलांना आवडले होते.

हवालदारसाहेबांनी पंचनाम्याची नक्कल वाचून दाखवली. त्यात माझ्या वडिलांविषयी "रस्त्यावर फिरणारा निराधार अंध इसम" असे लिहिलेले आहे. ते खरे नाही. ते फिरत नव्हते, कामावर चालले होते. त्यांच्या हातात डबा होता. एका शाळेच्या खुर्च्या त्यांनी विणायला घेतल्या होत्या व त्या त्याच आठवड्यात द्यायच्या होत्या. त्यांना बायको व दोन मुले आहेत. एवढी दुरुस्ती करून मिळावी.

हवालदारसाहेब म्हणाले की, झालेल्या पंचनाम्यात खाडाखोड करता येत नाही, पण तुमच्या जबाबात हे येईल. म्हणून त्यांना पुन्हा सांगून येथे लिहून घ्यायला लावले की, मयत महादू सखाराम रोकडे, धंदा खुर्च्या विणणे.

वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटची ओळ मी दोनदा वाचायला लावली. ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे व बाकीचेही खरे आहे, म्हणून सही करते.

संघरत्ना महादू रोकडे