तो टँक, ती टँक

नाही, मला एक सांगा, चहाची गाळणी कशासाठी असते? चहा गाळायला! बरोबर? मग तिच्यातून तुळशीच्या कुंडीतली माती कोण चाळतं? आमचे हे चाळतात! मागे एकदा सकाळी कप तोंडाला लावला तर दाताखाली कच्चकन... म्हटलं, अहो, हा चहा आहे की चिखल? तर पेपरातून मान वर न करता म्हणतात कसे, "अगं, ती गाळणी टँकच्या कामाला घेतलीये, तुला सांगायचं राहिलं." सांगायचं राहिलं! गाळणी माझी, तुळस माझी, दात माझे, आणि टँक? टँक ह्यांची! म्हणजे... ह्यांचा. चुकले. तो टँक! ती नव्हे! हे एवढं व्याकरण मला साठी उलटल्यावर शिकावं लागलं हो. पाण्याची असते ती टँक, लढाईचा असतो तो टँक. रणगाडा! तोफवाला, पट्ट्यांवर चालणारा! प्लास्टिकचा. एवढासा. माझ्या पोळपाटावर मावतो... मावतो कसला, मुक्कामालाच होता पोळपाटावर, मी पोळ्या ओट्यावर लाटत होते!

आता तुम्ही म्हणाल, सुनेत्राबाई, तुमच्या नायगावच्या दोन खोल्यांत रणगाडा घुसला कुठून? तर दार मीच उघडून दिलं. माळ्यावरचं मोदकपात्र काढायला ह्यांना स्टुलावर चढवलं. रिटायर्ड माणूस, दिवसभर खिडकीत उभं राहून खाली कुणी गाडी वाकडी लावली ते बघत बसणार, त्यापेक्षा चढा म्हटलं. गेले मोदकपात्राला आणि उतरले खोका घेऊन! आमच्या शंतनुचा खोका. दहावीला बरे मार्क पडले म्हणून त्याच्या मामानं दिलेला. सुटे तुकडे असतात, आपण चिकटवायचे, रंगवायचे, की झाला रणगाडा. शंतनुनं एका बाजूची चाकं लावली, दुसऱ्या बाजूची पिशवीतच राहिली, तोवर अकरावीचे क्लास आले, मग बारावी, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी, मग हॉलंड... मुलगा हॉलंडला आणि चाकं नायगावला!

आणि तुम्हाला सांगते, ह्या बापलेकांचं एकमेकांवर प्रेम आहे हो, नाही असं नाही, पण दोघांच्या तोंडाला कुलूप! रविवारी शंतनुचा फोन यायचा, हे उचलायचे. "जेवलास?" "हो." "थंडी आहे का?" "आहे." "बरं. आईला देतो." झालं! एवढ्या लांबून मुलगा फोन करतो, आणि हे गरम तवा हातात आल्यासारखा फोन माझ्याकडे ढकलणार! आणि मी बोलून ठेवला रे ठेवला की खिडकीतून आवाज, "काय म्हणत होता?" अहो, आत्ता तुमच्याच हातात होता ना तो? तुम्हीच नाही का विचारायचं? मला फार लागायचं ते. माझ्यानंतर ह्या दोघांचं काय, हा मला खरंच घोर होता. विनोद नाही करत. घोर होता.

तर त्या दिवशी खोका उघडला, चष्मा चढवला, आतला कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि काय आश्चर्य, ह्यांनी आपणहून फोन लावला! आपणहून! "शंतनु, अरे ह्या कागदावर बाण काढलाय तो वर म्हणतोय की खाली?" पलीकडून, "बाबा... तुम्ही माझा टँक उघडलात?" "उघडला. तू चाकं उलटी बसवली आहेस गाढवा." आणि शंतनु हसला! असा हसला, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं! मग जे सुरू झाले दोघे, हा तुकडा कुठला, तो दांडा कसला, गोंद कुठला घ्यायचा... मी आपली हात पुसून दारात उभी, आत्ता म्हणतील आईला देतो, आत्ता म्हणतील... फोन ठेवला! खिशात टाकला! मी तोंड उघडलं होतं बरं का ओरडायला. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि मिटलं.

पण म्हणून घराची काय दशा व्हावी? काही सुमार? माझं नेलकटर तुकडे तोडायला. माझी नखं घासायची कानस तुकडे घासायला. माझा भुवयांचा चिमटा... आता ह्या वयात भुवया कोण कोरतंय ते सोडा, पण माझा चिमटा! पट्ट्याची एकेक कडी सुटी, नखाएवढी, ती चिमट्यानं उचलायची, श्वास रोखून जोडायची. आणि पंखा लावायचा नाही! का? तर कडी उडते! मे महिना, दादर-नायगावचा उकाडा, आणि आम्ही दोघं रणगाड्यासाठी पंखा बंद करून बसलोय, एक घाम पुसतोय, एक शिव्या गिळतेय. एकदा खरंच उडाला तुकडा. वरच्या झाकणाची मूठ, तांदळाच्या दाण्याएवढी. "कुणी हलू नका!" मी कढई घेऊन अशीच उभी! केर काढायचा नाही, पाय उचलायचा नाही. हे पलंगाखाली, टॉर्च पलंगाखाली, आणि हॉलंडहून फोनवर मुलगा, "बाबा, कपाटाच्या मागे बघा, माझा पण तिकडेच जायचा!" शेवटी सापडला कुठे? माझ्या गाऊनच्या खिशात! आणि बोलणी कुणाला? मलाच! "तू घेऊन हिंडतेस आणि आम्ही शोधतोय."

मग रंग. हिरवा. ह्यांची बोटं हिरवी, बनियन हिरवं, कानाची पाळी हिरवी. भाजीवाला विचारतो, काका, पालक निवडत होता काय? पण रंगवला मात्र सुरेख हो, खोटं का बोलू? एक डाग नाही, एक ओघळ नाही. मी म्हटलं, वा, आता काचेच्या कपाटात ठेवू. तर म्हणतात, "छे, आता घाण करायचा." घाण करायचा? तर शंतनु सांगतो म्हणे, लढाईतला टँक कोरा कसा असेल? चिखल पाहिजे, गंज पाहिजे, धूळ पाहिजे! मी चाळीस वर्षं ह्या घरातली धूळ पुसतेय आणि हे दोघं धूळ कुठून आणावी ह्याची फोनवर मीटिंग करतायत! म्हणून ती माती, म्हणून ती गाळणी! आणि गंजाचा रंग काही केल्या जमेना. लाल होतोय, नाहीतर चॉकलेटी होतोय. शेवटी मीच वैतागून म्हटलं, अहो, तो गेरू आहे ना रांगोळीच्या डब्यात, तो फासा एकदाचा! फासला. आणि काय सांगू, असा गंज, असा गंज... शंतनु व्हिडिओवर ओरडला, "आई, तू जीनियस आहेस!" एवढंच बोलला हो माझ्याशी. पण बोलला.

आता खरा घोळ ऐका. मी बापडी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, खालच्या मजल्यावरच्या मालनताईंनी विचारलं, बरेच दिवस दिसली नाहीस? मी वरूनच म्हटलं, काय सांगू मालनताई, ह्यांनी घरात टँक करायला घेतलीये! केवढी जागा अडवलीये तिनं! तिनं!! तो टँक, ती नव्हे... पण माझी जीभ! आणि आमची बिल्डिंग कसली? चौथ्या मजल्यावर पाणी म्हणजे सकाळी करंगळीएवढी धार, ती पण पाऊण तास. घरात जादा टाकी बसवायची नाही हा सोसायटीचा नियम. मालनताई तडक वर. "गो सुनेत्रा, टाकी बसवतंस तू? माझ्या डोक्यार पडतली ती! आणि आमच्या वाटणीचा पाणी?" मी समजावतेय, अहो तशी नाही, लढाईची आहे! तर त्या म्हणतात, "लढाई तर होतलीच!"

संध्याकाळी सेक्रेटरी दारात. हितेंद्र. पोरगा चांगला आहे, पण सेक्रेटरी झाल्यापासून हातात कायम मेजर टेप. "काका, टेन्शन देऊ नका हां. टँक कुठाय?" हे खूश! इतक्या दिवसांत कुणीतरी आपणहून विचारलं! "ये ये, आत पलंगावर आहे." "पलंगावर?" "रंग सुकतोय." "आतून पण मारला रंग?" "मग? आत माणसं बसतात." "टाकीत माणसं? काका, साईज काय?" "एक-पस्तीस." आता ते खऱ्या रणगाड्याच्या पस्तीसाव्या हिश्शाएवढं, असं त्यांचं माप असतं. ह्याला काय कळणार? "एक हजार पस्तीस लिटर?? चौथ्या माळ्यावर? काका, बीम खाली येईल!" आणि धावला आत. मी डोकावले तर सेक्रेटरी गुडघ्यावर, नाक तोफेला लागलेलं. "काकाऽऽ... कसला भारी आहे ओ!" आणि ह्यांनी त्याची शिकवणीच घेतली, "हे बघ हितेंद्र, डोक्यात फिट कर. पाण्याची ती टँक. हा तो टँक. ती नव्हे!" "तो टँक, ती नव्हे," हितेंद्र शाळेतल्यासारखा घोकतोय. ते घोकणं लक्षात ठेवा हां तुम्ही. मला महागात पडलं.

तर झाला टँक पुरा. दोन्ही बाजूंची चाकं, चिखल, गेरू, सगळं. टीव्हीशेजारी ठेवला, शंतनुला दाखवला, दोघांनी टाळ्या वाजवल्या. छान झालं. माझं पोळपाट परत आलं, चिमटा परत आला, गाळणी मी नवीन आणली. आणि पुढच्या रविवारी फोन वाजला. "जेवलास?" "हो." "पाऊस आहे का?" "आहे." मग दोघं गप्प. मला ऐकू येत होतं हो, दोघांनाही बोलायचं होतं, पण बोलणार कशावर? चिकटवायला काही उरलंच नव्हतं. "बरं... आईला देतो." मी फोन घेतला, काय बोलले मला आठवत नाही. हे खिडकीत. खाली बघत.

म्हटलं, ते काही नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात हितेंद्रला गाठला. ते मोबाईलवरून मागवणं मला जमत नाही. हळूच म्हटलं, हितेंद्र, आमच्यासाठी एक टँक मागव रे. ह्यांना सांगू नकोस. पहिल्यापेक्षा मोठी बघ, चांगली भरपूर दिवस पुरेल अशी. त्यानं मान वाकडी केली, इकडेतिकडे बघितलं, "काकी, पक्कं? तुम्हाला गरज आहे ते दिसतंय मला. कमिटीत कुणाला कळू देणार नाही." म्हटलं, किती समजूतदार पोरगा!

काल आली! दोन माणसांनी चार जिने चढवून आणली. काळी! माझ्या छातीएवढी! झाकणासकट! पाण्याची!! मी किंचाळले, हितेंद्र, हे काय? मी तो सांगितला होता! तर तो कानाला हात लावून म्हणतो, "काकी, तुम्ही स्वतः 'मोठी' म्हणालात, 'चांगली' म्हणालात, 'पुरेल अशी' म्हणालात. काकांनी शिकवलंय ना मला? लढाईचा तो, पाण्याची ती! माझं व्याकरण पक्कं आहे!"

आणि तेवढ्यात हॉलंडचा व्हिडिओ! "बाबा, तुमच्या मागे ते काळं काय आहे?" ह्यांनी मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, "तू मागवलीस? माझ्यासाठी?" मी मान हलवली. आणि हे हसायला लागले, तिकडे शंतनु हसायला लागला, दोघांच्या डोळ्यांत पाणी, "बाबा, परत पाठवू नका! हिरवी करा! वर एक तोफ बसवू, जुन्या पीव्हीसी पाइपाची!" "आणि चिखल?" "मातीची गाळणी आहे ना?" "नवीन आणलीये आईनं!"

आत्ता, मी तुमच्याशी बोलतेय ना, आत्ता तेच चाललंय आत. मोरीच्या दारात टाकी, सकाळच्या धारेनं अर्धी भरलेली, टाकीला हिरवा रंग, हातात माझी नवीन गाळणी आणि कानाला फोन. मी मघाशी विचारलं, अहो, मला देताय का जरा? तर हात वर केला, थांब! थांबते. तो टँक काय आणि ती टँक काय, आपल्याला फोन मिळायचा नाही. जाते, भांडी तरी घासून घेते... पाणी आहे आता घरात.