वरच्या फळीवरच्या नळ्या

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वैदेही राजाध्यक्ष, व्यासपीठावर जरा अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. हरेश्वर तांडेल, त्यांच्या शेजारी सौ. शांतीकाकू, कफ परेडच्या मच्छीमार नगरातून परळपर्यंत आवर्जून आलेली तांडेल मंडळी, आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो,

तांडेलकाकांबद्दल चार चांगले शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. एकतीस वर्षांची नोकरी चार शब्दांत कशी मावणार? मी एकाच आठवड्याबद्दल बोलते. त्या आठवड्यात काय घडलं हे काकांनी दीड वर्षं मॅडमशिवाय कुणाला कळू दिलं नाही. माझी लाज राहावी म्हणून.

काका घरी कामाचं काही बोलत नाहीत, अशी काकूंची तक्रार आहे, म्हणून आधी थोडं सोपं करून सांगते. आईच्या पोटात चौथ्या आठवड्यात बाळाचं हृदय म्हणजे एक सरळ नळी असते. ती एका बाजूला वळते आणि त्या वळणातून पुढे हृदय आकाराला येतं. हे वळण आत शिरून कोण बघणार? म्हणून आम्ही माणसाच्या रक्तापासून हृदयाच्या पेशी घडवतो, त्या मऊ जेलमध्ये मिसळतो आणि बायोप्रिंटरवर तशीच बारीक नळी छापतो. ते यंत्र चालवणारे हात काकांचे.

काही नळ्या किर्तीताईंच्या रक्तापासून केल्या होत्या. ताई कॉटन ग्रीनला राहतात. त्यांचं पहिलं बाळ हृदयातल्या दोषामुळे नवव्या दिवशी गेलं. त्यांना फिट येतात, त्यासाठी रोज गोळी घ्यावी लागते. त्या गोळीनंच बाळ गेलं का, हा प्रश्न त्यांना पोखरत होता. म्हणून त्यांनी आपणहून रक्त दिलं. हे मी त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे.

आमच्या साध्या नळ्या वळल्या. त्या गोळीतलं औषध घातलेल्या नळ्या सरळच राहिल्या. मी हरखून गेले. नेमक्या त्या मंगळवारी किर्तीताई आल्या. त्यांना पुन्हा दिवस राहिले होते, जेमतेम पाचवा आठवडा.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "माझ्या गोळीनं झालं का?"

मी काय म्हणायला हवं होतं? आमचं काम अजून कच्चं आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी म्हणाले, "आमच्या नळ्यांत तरी तसंच दिसतंय."

काका तिथेच यंत्राची सुई साफ करत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

शुक्रवारी त्यांनी नव्या नळ्या छापल्या. सरमिसळ होऊ नये म्हणून मी साध्या नळ्या नेहमी इनक्युबेटरच्या, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाच्या, वरच्या फळीवर ठेवत असे आणि औषधाच्या नळ्या खालच्या फळीवर. काकांनी या वेळी मला सांगून उलट ठेवल्या. मी हसून मान डोलावली होती. सोमवारी दुपारी दार उघडलं, तर औषधाच्या नळ्या वळलेल्या आणि साध्या नळ्या सरळ. वरच्या फळीजवळ पंखा होता. त्याच्या वाऱ्यानं जेल एका अंगानं सुकून आक्रसत होतं. ते वळण हृदयाचं नव्हतंच.

 खरं सांगते, मनात पहिला विचार किर्तीताईंचा आला नाही. गुरुवारी मॅडम हेच निष्कर्ष मोठ्या समितीपुढे मांडणार होत्या. मी काकांना म्हटलं, गुरुवार जाऊ द्या, मग बघू.

काका म्हणाले, "मोठ्या मॅडमना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. त्या बाईंना आज सांगायला पाहिजे. त्यांनी गोळी बंद केली असेल."

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. काकांनी तोवर ॲप्रन काढून ठेवला होता. आम्ही टॅक्सीनं कॉटन ग्रीनला निघालो. वाटेत मी नुसती फोन लावत राहिले.

दार ताईंच्या सासूबाईंनी उघडलं. किर्तीताई आत पडून होत्या. सहा दिवस गोळी घेतली नव्हती. सकाळी हातातून कप सुटून पडला, त्या सांगत होत्या. सांगता सांगता त्यांची नजर थिजली, अंग ताठ झालं आणि फिट आली.

मी विज्ञानातली डॉक्टर. भिंतीला टेकून उभी राहिले. काकांनी शेजारचं स्टूल बाजूला सारलं, आपला रुमाल घडी करून ताईंच्या डोक्याखाली सरकवला आणि घड्याळाकडे नजर लावली. सासूबाईंनी कांदा आणला, तो काकांनी हळूच बाजूला ठेवायला सांगितला. नोकरीआधी काका मासेमारीला जात, तेव्हा त्यांच्या बोटीवरच्या एका खलाशाला फिट यायच्या, हे मला नंतर कळलं. झटके थांबताच त्यांनी किर्तीताईंना कुशीवर वळवलं. मला म्हणाले, "तीन मिनिटं झाली. ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि पोटुशी आहे हे पहिलं सांगा."

इस्पितळाच्या बाकावर बसून मी मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं.  मॅडम, तुम्ही किर्तीताई शुद्धीवर आहेत का एवढंच विचारलंत, आणि गुरुवारी समितीसमोर उभं राहून निष्कर्ष मागे घेतलेत. चूक कुणाची, हे समितीनं विचारलं तेव्हा तुम्ही "प्रयोगशाळेची" म्हणालात.

किर्तीताईंच्या डॉक्टरांनी त्यांना औषध पुन्हा सुरू केलं. मुलगी झाली, आरोही. तिचं हृदय ठणठणीत आहे. त्यात आमच्या नळ्यांचं श्रेय तिळभरही नाही. पंख्याची सोय बदलून, फळ्या आलटून पालटून आम्ही सगळं नव्यानं केलं. काकांनी गेल्या वर्षभरात चारशेहून जास्त नळ्या छापल्या. किर्तीताईंच्या प्रश्नाचं उत्तर? अजून मिळालेलं नाही. आता कुणी विचारलं, तर मी हेच उत्तर देते.

काका, तुम्ही मला एकदाही बोल लावला नाहीत. तो लावला असतात तर कदाचित मला सोपं गेलं असतं. तुमचे मनापासून आभार. काकू, हा माणूस आम्हाला इतकी वर्षं दिलात, तुमचेही. मॅडम, बोलू दिलंत, ऋणी आहे.

भाषणात काही अधिक-उणं झालं असेल तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. पण किर्तीताई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, मांडीवर आरोही आहे. त्यांना सांभाळून घ्या म्हणायचा मला हक्क नाही. ताई, त्या मंगळवारी मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखी मी बोलले. माफी मागते. ती द्यायची की नाही, हे तुम्ही सावकाश ठरवा.